बॉइंक बसवलं, पण काम पुढे सरकत नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

तुमचा संगणक रिकामा असतो तेव्हाचा वेळ संशोधनाला द्या, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. काहीजण मनावर घेतात, बॉइंक, म्हणजे संगणकाचा रिकामा वेळ संशोधन प्रकल्पांच्या गणितांना देणारा प्रोग्रॅम, बसवतात, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड किंवा रोझेटा अ‍ॅट होम अशा एखाद्या प्रकल्पाला जोडून टाकतात. मग थोड्या दिवसांनी ठरलेला निरोप येतो: "ते तू सांगितलेलं चालत नाहीये. काढून टाकू का?"

काढू नका. आजवर अशी जी मशिन्स बघितली त्यातल्या बहुतेकांत काहीही बिघडलेलं नव्हतं. कुठलीतरी एक खूण चुकीच्या जागी होती, किंवा मशीन झोपलेलं होतं. खाली तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे अशा लावल्या आहेत. मधल्या गाळून शेवटच्यावर उडी मारू नका. विंडोज नव्याने टाकून बसलेले आणि तरीही अडलेले लोक मला माहीत आहेत.

लक्षणं

यातलं काय दिसतंय ते आधी नक्की करा, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

- रात्रभर मशीन चालू ठेवलं, सकाळी टक्केवारी होती तिथेच.
- कामं यादीत आहेत, पण समोर "सस्पेंडेड" किंवा "वेटिंग टू रन".
- काम सुरू होतं, थांबतं, सुरू होतं, थांबतं. दिवसभर हेच.
- यादीच रिकामी. नवीन काम येतच नाही.
- काल संध्याकाळी 40 टक्के झालं होतं, आज 12.
- काम पूर्ण होतं, पण "कम्प्युटेशन एरर" येतो, किंवा वेबसाइटवर ते मुदतीनंतर आल्याचं दिसतं.
- पंखा घोंघावतो, मशीन हळू होतं, कधी आपोआप बंद पडतं.
- बॉइंकच्या खिडकीत उजव्या कोपऱ्यात खाली "डिसकनेक्टेड".

सगळ्यात आधी लॉग वाचा

बॉइंक मॅनेजर उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-ई दाबा. "इव्हेंट लॉग" नावाची खिडकी उघडते. लोक ती बघतच नाहीत, आणि उत्तर शंभरातल्या ऐंशी वेळा तिथेच लिहिलेलं असतं. "सस्पेंडिंग कम्प्युटेशन" या शब्दांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी कारण दिलेलं असतं: "ऑन बॅटरीज", "कॉम्प्युटर इज इन यूज", "सीपीयू इज बिझी", "टाइम ऑफ डे", "यूझर रिक्वेस्ट". या पाच कारणांची उत्तरं पुढे आहेत. लॉग न वाचता सेटिंग हलवायला घेतलं की मूळ दोष राहतो बाजूला आणि दोन नवे तयार होतात.

त्याचबरोबर "व्ह्यू" मेनूतून "अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू" लावून घ्या. साध्या दृश्यात चित्रं छान दिसतात, पण निदानाच्या कामाचं तिथे फारसं काही नसतं.

कोणीतरी थांबवून ठेवलंय का?

लॉगमध्ये "यूझर रिक्वेस्ट" दिसलं तर तो यूझर घरातलाच कोणीतरी असतो. "अ‍ॅक्टिव्हिटी" मेनूत तीन पर्याय आहेत: नेहमी चालवा, पसंतीनुसार चालवा आणि थांबवा. खूण मधल्यावर, म्हणजे "रन बेस्ड ऑन प्रेफरन्सेस"वर हवी. व्हिडिओ कॉल अडखळतोय म्हणून कोणी "सस्पेंड" केलेलं असतं, आणि ते मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं तरी तसंच राहतं. टास्कबारवरच्या चिन्हातून मिळणारं "स्नूझ" वेगळं. ते तासाभराने आपोआप उठतं. तात्पुरतं थांबवायचं असेल तर घरातल्यांना स्नूझच शिकवा, म्हणजे हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

मग "प्रोजेक्ट्स" टॅबवर जा आणि प्रकल्पावर क्लिक करून डावीकडची बटणं नीट वाचा. तिथे "अलाऊ न्यू टास्क्स" लिहिलेलं असेल तर बऱ्याच जणांना वाटतं की परवानगी दिलेली आहे. उलट आहे. बटणावर दाबल्यावर काय होईल ते लिहिलेलं असतं, म्हणजे आत्ता परवानगी बंद आहे. दाबा.

"टाइम ऑफ डे" दिसत असेल तर "कम्प्युटिंग प्रेफरन्सेस"मधला "डेली शेड्यूल्स" टॅब बघा. रात्री 11 ते सकाळी 6 अशी वेळ लावलेली आणि मशीन रात्री 11 ला बंद करायची सवय, अशी जोडी मी बऱ्याच ठिकाणी बघितली आहे.

मशीन झोपतंय

स्क्रीन बंद होणं आणि संगणक झोपणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीन बंद झाली तरी प्रोसेसर काम करतो, उलट वीज वाचते. स्लीप किंवा हायबरनेटमध्ये मात्र प्रोसेसर थांबतो आणि बॉइंकही थांबतं. बॉइंक मशीनला जागं ठेवत नाही, ते काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन "प्लग लावलेला असताना" स्लीपची वेळ वाढवा किंवा "कधीच नाही" करा. बॅटरीवरची वेळ आहे तशी राहू द्या.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण लोकांना गळ घालणारे आम्ही ती टाळतो. हे दान फुकट नसतं. हल्लीचे प्रोसेसर रिकामे असताना अगदी कमी वीज खातात आणि काम लागलं की जास्त. समजा भार आल्यावर तुमचं मशीन 50 वॅट जादा घेत असेल, तर दहा तासांत अर्धा युनिट होतो. ज्याला हे आधी सांगितलं जात नाही तो वीजबिल बघून एक दिवस सगळंच काढून टाकतो. माझं मत: मशीन मुद्दाम रात्रभर जागं ठेवू नका. तुम्ही वाचत असता, टाइप करत असता, मीटिंगमध्ये असता, तेव्हा ते तसंही चालू असतंच. तेवढा वेळ दिलात तरी पुष्कळ. रात्रीचा विचार नंतर, आपला आकडा बघून करा.

"ऑन बॅटरीज" आणि फोनचं प्रकरण

लॅपटॉपवर बॉइंक बॅटरीवर असताना थांबतं आणि ते योग्यच आहे. ही खूण काढू नका. चार्जर लावलेला असूनही लॉग "ऑन बॅटरीज" म्हणत असेल तर प्लग सैल आहे किंवा वायर आतून तुटलेली आहे. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं चार्जिंगचं चिन्ह बघत वायर हळूच हलवा, लगेच कळेल.

अँड्रॉइड फोनवर अटी जास्त कडक असतात. मूळ सेटिंगप्रमाणे फोन चार्जिंगला हवा, बॅटरी 90 टक्क्यांवर हवी, डेटा फक्त वाय-फायवरून आणि बॅटरीचं तापमान 40 अंशांच्या आत. दिवसभर 30 ते 70 टक्क्यांत फिरणाऱ्या फोनवर काम कधीच सुरू होत नाही, आणि लोक म्हणतात अ‍ॅप बिघडलं. अटी सैल करण्यापेक्षा फोन रात्री चार्जिंगला लावाल तेव्हाच काम होईल हे मान्य करा. एक मात्र करा: फोनच्या सेटिंगमध्ये बॉइंकला "बॅटरी ऑप्टिमायझेशन"मधून वगळा, नाहीतर फोनच ते पाठीमागून मारून टाकतो.

"सीपीयू इज बिझी": सर्वात जास्त वेळा सापडणारा दोष

लॉग असा दिसतो: "सस्पेंडिंग कम्प्युटेशन, सीपीयू इज बिझी". दहा सेकंदांनी "रिझ्युमिंग कम्प्युटेशन". पुन्हा दहा सेकंदांनी "सस्पेंडिंग". पानंच्या पानं तेच.

कारण असं. बॉइंक सोडून बाकीचे प्रोग्रॅम ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त प्रोसेसर वापरायला लागले की बॉइंक बाजूला होतं. ही मर्यादा बहुतेक ठिकाणी 25 टक्के असते. पूर्वीच्या एक-दोन कोअरच्या मशिन्सना ती ठीक होती. आता ब्राउझरचे वीस टॅब, त्यातल्या एकात चालू राहिलेला व्हिडिओ, पाठीमागे फोटोंची अनुक्रमणिका बनवणारी सेवा, एवढ्यात 25 टक्के सहज ओलांडले जातात. खरं तर बॉइंकची कामं सगळ्यात खालच्या प्राधान्याने चालतात. दुसऱ्या प्रोग्रॅमने प्रोसेसर मागितला की ऑपरेटिंग सिस्टिम तो बॉइंककडून काढून त्याला देतेच. त्यामुळे या मर्यादेचा फायदा कमी आणि त्रास जास्त. "ऑप्शन्स", तिथून "कम्प्युटिंग प्रेफरन्सेस" उघडा आणि ती 75 वर न्या, किंवा खूणच काढा.

पण त्याआधी टास्क मॅनेजर उघडून खरंच कोण खातंय ते बघा. अँटीव्हायरसची साप्ताहिक तपासणी असेल तर दोन तासांत संपेल, सोडून द्या. नक्षीदार त्रिमितीय स्क्रीनसेव्हर असेल तर साधी काळी स्क्रीन लावा. तुम्ही उठून गेल्यावर तोच प्रोसेसर खात असतो. कुठला तरी अनोळखी प्रोग्रॅम सतत 90 टक्के घेत असेल तर मामला वेगळा आहे, तो शेवटच्या भागात येतो.

आणि एक खास जोडगोळी. उत्साही माणूस बॉइंकही बसवतो आणि फोल्डिंग अ‍ॅट होमही. तोही असाच संशोधनाला वेळ देणारा, पण बॉइंकबाहेरचा प्रोग्रॅम. दोन्ही चांगली, पण बॉइंकच्या दृष्टीने फोल्डिंग अ‍ॅट होम हा "बाकीचा प्रोग्रॅम" आहे. तो प्रोसेसरवर बसला की बॉइंकला वाटतं मालक काहीतरी महत्त्वाचं करतोय, आणि ते आदराने गप्प बसतं, महिनोन्‌महिने. दोन्ही ठेवायची असतील तर फोल्डिंग अ‍ॅट होमला ग्राफिक्स कार्ड द्या आणि बॉइंकला प्रोसेसर.

"कॉम्प्युटर इज इन यूज" हे याचंच भावंड. शेवटची कळ दाबल्यापासून किंवा माउस हलवल्यापासून तीन मिनिटं मशीन वापरात आहे असं धरलं जातं. मशीन बऱ्यापैकी नवं असेल तर ही अट काढून टाका आणि "प्रोसेसरपैकी जास्तीत जास्त" या रकान्यात 50 टक्के लिहा. आठ कोअरपैकी चार कायम तुमचे, चार संशोधनाचे. असं मशीन दिवसभरात जास्त काम करतं, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

इतकं करूनही सेटिंग लागू होत नसेल तर खिडकीच्या वरच्या बाजूला बघा. "यूझिंग लोकल प्रेफरन्सेस" लिहिलं असेल तर तुम्ही वेबसाइटवर बदललेलं काहीही हे मशीन ऐकणार नाही. एकच जागा ठरवा. एक मशीन असेल तर इथेच बदला, पाच असतील तर "यूज वेब प्रेफ्स" दाबून वेबसाइटवरून चालवा.

यादी रिकामी: दोष तुमचा नसेलही

लॉगमध्ये "गॉट झिरो न्यू टास्क्स" आणि त्याखाली प्रकल्पाकडे काम नसल्याची ओळ असेल तर तुमच्या मशीनला हात लावू नका. काम तयार करणारे संशोधक असतात. त्यांचा एक टप्पा संपला की पुढचा तयार होईपर्यंत कोरडं असतं. मार्च 2020 मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत फोल्डिंग अ‍ॅट होमकडे एवढे लोक धावले की त्यांची एकत्रित गणनक्षमता एक एक्साफ्लॉपच्या (सेकंदाला अब्ज गुणिले अब्ज गणितं) पुढे गेली, आणि कामं कमी पडली. मदत करणारे हात मोकळे आणि सर्व्हर दमलेले, अशी गत होती. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड 2004 पासून आयबीएम चालवत होती. 2021 मध्ये ते टोरांटोच्या क्रेम्बिल रिसर्च इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं, आणि 2022 मध्ये त्या स्थलांतरात ते महिनोन्‌महिने बंद होतं. त्या काळात किती जणांनी आपलं बॉइंक उगाच काढून पुन्हा बसवलं असेल कोण जाणे.

तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडच्या वेबसाइटवर लॉगिन करून तुम्ही कुठले प्रकल्प निवडलेत ते बघा. एकच निवडला असेल आणि त्याच्याकडे काम नसेल तर यादी रिकामीच राहणार. तिथेच खाली, निवडलेल्या प्रकल्पांत काम नसेल तर दुसऱ्यातलं पाठवा, अशी एक खूण असते. ती लावा.

दुसरी गोष्ट, राखीव प्रकल्प जोडा. रोझेटा किंवा दुसरा कुठलाही प्रकल्प जोडून त्याच्या वेबसाइटवर "रिसोर्स शेअर" शून्य करा. शून्य म्हणजे बंद नाही. शून्य वाटा असलेल्या प्रकल्पाकडे बॉइंक तेव्हाच काम मागतं, जेव्हा बाकी कोणाकडेच काही नसतं. ही सोय फार कमी लोकांना माहीत असते.

तिसरी गोष्ट, "अपडेट" बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. लवकर लवकर विचारणाऱ्या मशीनला सर्व्हर थांबायला सांगतो, मग "कम्युनिकेशन डिफर्ड" दिसतं आणि लोकांना वाटतं नेट गेलं. "रेडी टू रिपोर्ट"वर अडकलेलं कामही अडकलेलं नसतं. बॉइंक पूर्ण झालेली कामं साठवून एकदम कळवतं.

प्रकल्प निवडायचा कंटाळा असेल तर बॉइंकच्याच मंडळींचं सायन्स युनायटेड आहे. तिथे प्रकल्प न निवडता विषय निवडायचे. आरोग्य म्हणा, पर्यावरण म्हणा, कुठल्या प्रकल्पाकडे काम आहे ते बघून मशीन जोडायचं ते त्यांचं ते बघतात.

टक्केवारी मागे जाते

ही तक्रार माणसाला सर्वात जास्त चिडवते, आणि इथेच लोक सोडून जातात.

प्रत्येक काम अधूनमधून आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतं. त्याला चेकपॉइंट म्हणतात. मशीन बंद झालं की काम शेवटच्या चेकपॉइंटपासून सुरू होतं, तुम्ही सोडलंत तिथून नाही. काही प्रकल्पांचे चेकपॉइंट दर मिनिटाला पडतात, काहींचे तासातासाने. आफ्रिकेतल्या पावसाचं बारकाईने गणित करणाऱ्या, डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाच्या प्रकल्पासारखी मोठी कामं लांब टप्प्यांची असतात. रोज दोन तासच चालणाऱ्या मशीनवर असं काम एक पाऊल पुढे आणि एक मागे करत राहतं.

कामावर क्लिक करून "प्रॉपर्टीज" उघडा. शेवटचा चेकपॉइंट किती वेळापूर्वी पडला याची ओळ तिथे असते. मशीन बंद करण्यापूर्वी ती बघायची सवय लावलीत तर बरंच काम वाचतं.

दुसरा उपाय सेटिंगमध्ये आहे. "डिस्क अँड मेमरी" टॅबवर थांबवलेली कामं मेमरीतच ठेवण्याची खूण असते. ती नसेल तर तुम्ही माउस हलवलात की काम थांबतं आणि मेमरीतून बाहेर फेकलं जातं, आणि चेकपॉइंटनंतरचं सगळं वाया. खूण लावली की ते तिथेच गोठून बसतं आणि तिथूनच पुढे जातं. मेमरी चार जीबी असेल तर ही खूण जपून लावा, आठ किंवा जास्त असेल तर बिनधास्त.

मुदत चुकणं हेही याच घरातलं. प्रत्येक कामाला परत पाठवायची तारीख असते. मशीन कमी वेळ चालतं आणि आगाऊ उतरवलेल्या कामांचा साठा मात्र दहा दिवसांचा भरून ठेवलेला, मग मुदती उलटणारच. "कम्प्युटिंग प्रेफरन्सेस"मध्ये किती दिवसांचं काम साठवायचं याचे दोन आकडे असतात, ते दोन्ही 0.1 करा. मुदत उलटली की ते काम दुसऱ्या कोणाकडे जातं, आणि तोवर संशोधकाच्या कामांचा पूर्ण गट तेवढ्या एका निकालासाठी अडून राहतो. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर जपानमधल्या चिबाच्या संशोधकांनी वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर तीस लाखांच्या आसपास रेणू तपासले. 2014 मध्ये जाहीर झालं की त्यातून सात रेणू औषधासाठी आशादायक निघाले. कोणाच्या मशीनवर कुठले रेणू गेले ते कोणालाच आधी माहीत नव्हतं. म्हणून मी सांगतो, साठा कमी ठेवा आणि आहे ते वेळेत परत करा.

जागा आणि मेमरी

"वेटिंग फॉर मेमरी" दिसलं तर एका वेळी चालणारी कामं कमी करा, म्हणजे प्रोसेसरची टक्केवारी उतरवा. डिस्कवर जागा नाही असं लिहिलेलं असेल तर आधी डिस्क साफ करा, मग बॉइंकची मर्यादा बघा.

घड्याळ, नेट आणि जुनी आवृत्ती

ब्राउझर चालतो पण बॉइंक सर्व्हरला पोचत नाही, असं असेल तर आधी संगणकाची तारीख बघा. हसू नका. सुरक्षित जोडणी प्रमाणपत्रांवर चालते आणि प्रमाणपत्रांना तारखा असतात. मशीनला वाटत असेल की अजून 2012 चाललंय, तर त्याला प्रत्येक प्रमाणपत्र खोटं वाटणार. दर वेळी सुरू केल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर 2032 असते, स्वस्त असते आणि मशीन बंद करून, प्लग काढून बदलता येते.

मग आवृत्ती. सप्टेंबर 2021 च्या शेवटी वेबसाइटांना अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एक जुनं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं, आणि जुन्या बॉइंकसोबत आलेली प्रमाणपत्रांची फाइल निकामी ठरली. रातोरात बऱ्याच जणांची जोडणी तुटली. नवीन आवृत्ती वरून टाकली की काम झालं. कामं आणि खातं तसंच राहतं, जुनं काढायची गरज नसते.

कॉलेज किंवा हॉस्टेलच्या नेटवर प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटकडे नेणारा मधला सर्व्हर, असेल तर तिची माहिती बॉइंकला वेगळी द्यावी लागते. खिडकीत "डिसकनेक्टेड" येत असेल तर मात्र इंटरनेटचा संबंधच नाही. दिसणारी खिडकी आणि पाठीमागे काम करणारा प्रोग्रॅम एकाच मशीनवर 31416 या पोर्टवरून बोलतात, त्यांचं बोलणं तुटलेलं असतं. मशीन रीस्टार्ट करा. नाही झालं तर फायरवॉलमध्ये परवानगी बघा. लिनक्सवर तुमचं नाव बॉइंकच्या ग्रुपमध्ये आहे का ते बघा.

अँटीव्हायरस

कामं सुरू होताच काही सेकंदांत "कम्प्युटेशन एरर" येऊन एकामागून एक पडत असतील तर अँटीव्हायरसचा क्वारंटाइन विभाग, म्हणजे संशयित फाइली बाजूला ठेवायची जागा, उघडा. सतत पूर्ण जोराने चालणारा अनोळखी प्रोग्रॅम त्याला संशयास्पद वाटतो आणि तो फाइल उचलून नेतो. बॉइंकचा डेटा फोल्डर, विंडोजवर सी ड्राइव्हच्या लपलेल्या प्रोग्रॅमडेटामधला, तेवढाच अपवादात टाका. अख्खा सी ड्राइव्ह नको, आणि अँटीव्हायरस बंद करणं तर नकोच. आणि हे सगळं तुमचं बॉइंक ते बनवणाऱ्या बर्कली विद्यापीठाच्या अधिकृत वेबसाइटवरून किंवा लिनक्सच्या भांडारातून आलेलं असेल तरच.

गरम होतंय

इथून पुढे हात थोडे मळतात.

तापमान दाखवणारं एखादं मोफत साधन बसवा आणि बॉइंक अर्धा तास चालू देऊन आकडा बघा. हल्लीचे बरेच प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. मी 85 च्या वर सतत जाऊ देत नाही, लॉग काहीही म्हणो. इथे दोन टक्केवाऱ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. "सीपीयू टाइम" 60 टक्के केलात तर प्रोसेसर थोडा वेळ पूर्ण जोराने आणि थोडा वेळ रिकामा असा धावतो, तापमान वरखाली होत राहतं आणि पंख्याचा आवाजही. त्यापेक्षा कोअरची टक्केवारी कमी करा आणि वेळ 100 ठेवा. मशीन संथ, एकसारखं चालतं.

तरीही गरम होत असेल तर धूळ. लॅपटॉपच्या बाजूच्या फटीत टॉर्च मारून बघा. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये धुळीची राखाडी गादी बसलेली असते, टॉर्चशिवाय बाहेरून ती दिसतही नाही. डेस्कटॉप उघडून ब्रशने आणि हवेच्या डब्याने साफ करा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून बॉइंक चालवत असाल तर ते आधी बंद करा.

चुका येतच राहतात

तापमान ठीक, अँटीव्हायरस ठीक, तरी वेबसाइटवर निकाल "इनव्हॅलिड". बरेच प्रकल्प तेच काम दोन वेगळ्या मशिन्सना देऊन उत्तरं जुळतात का ते बघतात. तुमचं उत्तर जुळत नसेल तर तुमचं मशीन गणितात चुकतंय. ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेलं, असेल तर मूळ वेगावर आणा. गेम चालतो म्हणजे मशीन स्थिर असं नाही. गेममध्ये एक ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर कळत नाही, इथे मात्र उत्तर बदलतं. मग मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर रॅमची पट्टी खराब आहे. तोवर बॉइंक बंद ठेवा, कारण त्याच मशीनवर तुमचे फोटो आणि हिशोबही आहेत.

ग्राफिक्स कार्ड ओळखलं जात नसेल तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. विंडोजने आपोआप टाकलेल्यात ओपनसीएल, म्हणजे कार्डावर गणित चालवायला लागणारा भाग, बरेचदा नसतं. आणि बॉइंक सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन न करताही पाठीमागे चालेल असं, बसवलं असेल तर विंडोजवर त्याला कार्ड दिसत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दाबू नका, टोचू नका. बॉइंकचा विषय इथेच संपला. जळका वास, पॉवर सप्लायमधून चर्र आवाज, हार्ड डिस्कची टिकटिक, कोअर अर्धे करूनही आपोआप बंद पडणारं मशीन: सगळं दुरुस्तीवाल्याकडे. थर्मल पेस्ट बदलायला लॅपटॉप पहिल्यांदाच उघडणार असाल तर तेही त्यालाच करू द्या. नाजूक पट्ट्या तुटल्या की मदरबोर्डचा खर्च येतो.

कंपनीच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर काही अडत असेल तर स्वतः खटपट न करता तिथल्या सिस्टिम अ‍ॅडमिनला विचारा, आणि बसवण्याआधीच लेखी परवानगी घ्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका सरकारी तांत्रिक महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याने तिथल्या संगणकांवर असाच एक वाटप-गणनेचा प्रोग्रॅम बसवला होता. त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला. 2002 च्या सुरुवातीला तो तडजोडीने मिटला, पण दंड आणि प्रोबेशन चुकले नाहीत. हेतू चांगला असून भागत नाही.

आणि कोणीच न बसवलेलं बॉइंक एखाद्या मशीनवर सापडलं तर ते दुरुस्त करत बसू नका. 2024 मध्ये खोट्या ब्राउझर अपडेटच्या आडून हल्लेखोर गुपचूप बॉइंक बसवून ते स्वतःच्या सर्व्हरला जोडत असल्याचं उघड झालं. "प्रोजेक्ट्स" टॅबवर अनोळखी पत्ता दिसला की नेट काढा आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला दाखवा. तो संगणक तोपर्यंत बँकेच्या कामाला वापरू नका.

मशीन दुरुस्तीला देणार असाल तर आधी "नो न्यू टास्क्स" दाबा, हातातली कामं संपू द्या आणि "अपडेट" करून कळवा. तेवढा वेळ नसेल तर कामं निवडून "अ‍ॅबॉर्ट" करा आणि मग "अपडेट" करा, म्हणजे ती मुदत संपायची वाट न बघता दुसऱ्या कोणाच्या मशीनला जातील. "अ‍ॅक्टिव्हिटी" मेनूत "सस्पेंड" करून मगच मशीन हातात द्या, आणि दुरुस्तीवाल्याला तसं सांगून ठेवा. नाहीतर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर बघून तो व्हायरस समजेल, सगळं पुसून टाकेल आणि त्याचेही पैसे लावेल.